पालखीपुढचा बँड: भीमपलासातला एक अभंग चौदा वादकांसाठी बसवताना

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळाने आषाढी एकादशीच्या पालखीपुढे बँड ठेवायचं ठरवलं. अट एकच होती. बँडने वरातीची गाणी वाजवायची नाहीत. दिंडी जो अभंग गाते तोच, तिच्याच चालीत, तिच्यासोबत आळीपाळीने वाजवायचा. मार्ग दांडिया बाजारातून सुरसागरच्या कडेने न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा आणि पुढे मांडवी. वेळ साधारण सव्वा तास. दिंडीत दोन पखवाज, वीसेक टाळ, एक हार्मोनियम आणि गाणारे तीसएक जण, त्यांत पुरुष जास्त.

बँड गावातलाच, लग्नसराईत रोज वाजवणारा. वादक चौदा: ट्रम्पेट ४, क्लॅरिनेट २, आल्टो सॅक्सोफोन १, युफोनियम ३, सुसाफोन १, साइड ड्रम १, मोठा ढोल १, झांज १. यांतले बँडमास्तर आणि एक क्लॅरिनेटवाले स्टाफ नोटेशन वाचणारे. पाच जणांना सरगम वाचता येते. बाकीचे ऐकून उचलतात, आणि पक्कं उचलतात.

चाल भीमपलासातली, पारंपरिक. पल्ला मंद्र (खालच्या सप्तकातला) नी ते तार (वरच्या सप्तकातला) ग. ठेका भजनी, आठ मात्रांचा. मुखडा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाही. सहाव्या मात्रेवर उठतो आणि तीन मात्रांनी समेवर येतो. ही शेवटची गोष्ट लहान दिसते, पण पहिली तालीम तिनेच मोडली.

तयार कागद का चालला नाही

मंडळातल्या एकाने त्याच अभंगाचं ब्रास बँडसाठीचं तयार स्वरलेखन पीडीएफमध्ये मिळवलं होतं. छपाई सुबक, पानं भरपूर. ते इंग्लंडच्या धर्तीच्या बँडसाठी होतं. अशा बँडमध्ये पंचवीसच्या आसपास फुंकवादक असतात: एक ई फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन ई फ्लॅट टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन तिथे नसतातच. सुरांची मधली भरण टेनर हॉर्न, फ्लूगल आणि बॅरिटोन यांच्याकडे असते. आपल्याकडच्या वरातीच्या बँडमध्ये ही वाद्यं बहुधा नसतात, त्यामुळे तो कागद वाजवला की वर चाल आणि खाली बास एवढंच उरतं, मधला सगळा भाग गायब. एक सोय मात्र होती. आल्टो सॅक्सोफोनचा लेखी सूर टेनर हॉर्नसारखाच मेजर सिक्स्थने, म्हणजे नऊ अर्धस्वरांनी, खाली ऐकू येतो, म्हणून हॉर्नचा कागद सॅक्सोफोनवाल्यासमोर तसाच ठेवता येतो. तसं करून पाहिलं, आणि त्यातूनच दुसरा दोष उघडा पडला.

हॉर्नच्या ओळीत कोमल धैवत होता. चाल शुद्ध धैवतावरून उतरत होती आणि त्याच मात्रेला सॅक्सोफोन कोमल धैवत धरत होता. पुढे आवर्तन संपताना बासवर पंचमाचा कॉर्ड, आणि त्याच्या पोटात शुद्ध निषाद. कारण सरळ आहे. स्वरलेखन करणाऱ्याने कोमल गंधार पाहिला, चालीला मायनर स्केल मानलं आणि मायनरला शोभणारे कॉर्ड खाली बसवले. भीमपलास मायनर नाही. त्यात ग आणि नी कोमल, बाकीचे शुद्ध, चढताना रे आणि ध वगळायचे, उतरताना सगळे घ्यायचे, मुक्काम मध्यमावर. हार्मनीतल्या दोन परक्या सुरांनी रागाचा चेहराच बदलला. दिंडीतल्या एका ज्येष्ठ काकांनी पहिल्याच आवर्तनाला हात वर करून थांबवलं, आणि ते योग्यच होतं.

तिसरा दोष छपाईचा. तयार कागदात क्लॅरिनेट नव्हती, म्हणून तिचे कागद वेगळे काढताना सॉफ्टवेअरमधलं कॉन्सर्ट पिचचं (सूर ऐकू येतो तसाच छापण्याचं) बटण चालू राहिलं होतं. ट्रम्पेटचे कागद बी फ्लॅटसाठी बदललेले, क्लॅरिनेटचे मूळ सुरात. दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची (लेखी सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो), म्हणून क्लॅरिनेट ट्रम्पेटपेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजू लागली. हा घोटाळा फार वेळा होतो आणि ओळखायला सोपा आहे: ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या कागदांवर की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) वेगळी दिसली की थांबायचं. बी फ्लॅट वाद्यांची ती एकच असायला हवी.

चौथा दोष तालाचा. कागदावर मुखड्याचा पहिला सूर पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर होता. म्हणजे सहावी मात्रा कागदावर ‘एक’ झाली. ढोलवाला कागदाप्रमाणे बारच्या सुरुवातीला ठोका देत राहिला आणि त्याचा जोरदार ठोका दर आवर्तनात समेच्या तीन मात्रा आधी पडला. पखवाजाची सम एकीकडे, ढोलाची दुसरीकडे. टाळकरी दोन आवर्तनं ढोलाकडे झुकले, मग पखवाजाकडे परतले. गर्दीत हा गोंधळ मिटत नाही, वाढतो.

पाचवा दोष पट्टीचा. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

सा कुठे धरायचा

तयार कागदातला सा पांढरी सहावर होता. बहुधा एखाद्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेला. पांढरी सहा म्हणजे हार्मोनियमची सहावी पांढरी पट्टी, ए. बी फ्लॅट ट्रम्पेटला त्यासाठी लेखी बी धरावा लागतो. खालच्या बी पासून सुरुवात केली तर मंद्र नी खालच्या ए वर जातो, जिथे रस्त्यावर ट्रम्पेटचा आवाज पोहोचत नाही. रिषभ येतो सी शार्पवर, म्हणजे तिन्ही बोटं दाबून, आणि तीन व्हॉल्वच्या ट्रम्पेटवर सगळ्यांत चढा सूर हाच. गंधार पहिल्या-तिसऱ्या बोटावर, तोही चढा. वरच्या सप्तकात घेतलं तर तार ग पोहोचतो वरच्या डी वर, सव्वा तास चालत वाजवणाऱ्याच्या आवाक्याबाहेर.

बँडमास्तरांनी काळी पाच सुचवली. बँडच्या दृष्टीने ते अगदी रास्त होतं: सा मोकळ्या बोटाने वाजतो, तार सा सुद्धा मोकळाच, दोन्ही सुरेल. पण पुरुषांना तिथे मंद्र नी गाताच येईना. आवाज घशात विरत होता. काकांचं म्हणणं होतं, “मास्तर, आमची दिंडी पांढरी दोनमध्ये गाते, त्याच्या खाली जोर येत नाही.” पांढरी दोन धरली तर ट्रम्पेटचा तार ग जातो जी वर. एकदा वाजवायला अवघड नाही, पण प्रत्येक अंतऱ्यात दोनदा, सव्वा तास, म्हणजे न्यायमंदिर येईपर्यंत ओठ संपतात.

ठरली पांढरी एक. दिंडीला एक स्वर खाली यावं लागलं, बँडला एक स्वर वर. आणि या पट्टीत बँडच्या हाती असं काही लागलं, जे वादकांनी स्वतः बोटांचा तक्ता मांडल्याशिवाय दिसलं नसतं.

पांढरी एकचा सा म्हणजे बी फ्लॅट वाद्याचा लेखी डी. डी पासून भीमपलास लिहिला तर एकही शार्प किंवा फ्लॅट लागत नाही. की सिग्नेचर कोरी. आल्टो सॅक्सोफोनला एक शार्प. हार्मोनियमवाल्याला दोन काळ्या पट्ट्या. वाचणारे कमी असलेल्या बँडसाठी हे मोठं सुख आहे.

ट्रम्पेट आणि युफोनियमची बोटं अशी येतात (आकडे दाबायच्या व्हॉल्वचे, मोकळा म्हणजे एकही नाही):

मंद्र नी: मोकळा. सा: १-३. रे: १-२. ग: १. म: मोकळा. प: १-२. ध: २. नी: मोकळा. तार सा: १, किंवा १-३. तार रे: मोकळा. तार ग: १.

आता तिसऱ्या बोटाकडे पाहा. संपूर्ण चालीत ते फक्त षड्जाला लागतं. पहिला आणि तिसरा व्हॉल्व एकत्र दाबला की नळीची लांबी हवी त्यापेक्षा थोडी कमी पडते आणि सूर चढा येतो. हा प्रत्येक तीन व्हॉल्वच्या वाद्याचा अंगभूत दोष आहे, मेरठला बनलेलं असो की परदेशी. एरवी तिसरी स्लाइड (तिसऱ्या व्हॉल्वची सरकती नळी) त्या सुरापुरती बोटाने बाहेर ढकलून परत आत घ्यावी लागते. वरातीच्या बँडमधल्या ट्रम्पेटच्या स्लाइडी बहुतेक वेळा जाम झालेल्या असतात, आणि युफोनियमवर तर वाजवता वाजवता हात तिथे पोहोचतच नाही. इथे मात्र तिसऱ्या स्लाइडीवर दुसरा कोणताच सूर अवलंबून नाही. म्हणून ती एकदाच बाहेर ओढून कायम तशीच ठेवता येते. ट्रम्पेटला एक ते दीड सेंटिमीटर; युफोनियमची नळी दुप्पट लांब, म्हणून त्याच्या दुप्पट; सुसाफोनला चौपटीच्या आसपास. ही मापं सुरुवातीला धरायची, शेवटचा निर्णय हार्मोनियमच्या षड्जाशी कानाने करायचा.

तार षड्जाचा प्रश्न उलटा आहे. एका बोटाने वाजवलेला वरचा डी किंचित उतरा असतो, कारण तो नळीच्या पाचव्या स्वरांशावर (एकाच नळीतून नुसत्या फुंकीने निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतल्या पाचव्यावर) येतो आणि तो स्वरांश निसर्गतःच खाली असतो. खालचा सा चढा, वरचा सा उतरा, आणि मध्ये सगळी चाल ताणलेली. पण १-३ या बोटांनी वरचा डी सुद्धा वाजतो, त्याच नळीच्या सहाव्या स्वरांशावर. खालचा डी तिसऱ्यावर असतो. तीनची दुप्पट सहा, म्हणून अंतर नेमकं एक सप्तक. तिसरी स्लाइड ओढून ठेवली की मध्य सा आणि तार सा एकाच बोटांवर, एकमेकांना तंतोतंत जुळलेले मिळतात. आवाज जरा दबका येतो. म्हणून नियम ठेवला: तार सा दोन मात्रांपेक्षा जास्त धरायचा असेल तर १-३, पटकन स्पर्श करून जायचं असेल तर १.

जाम स्लाइडी सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. सांध्यावर रॉकेलचे थेंब, रात्रभर मुरू देणं, मग पट्टा ओवून सरळ रेषेत ओढणं. पक्कडीने ओढायचं नाही, नळी चेपते. एका युफोनियमची स्लाइड निघालीच नाही. त्या वादकाला षड्ज दिलाच नाही. त्याच्याकडे पंचम आणि मध्यम सोपवला.

मींड कुणी घ्यायची

मध्यमावरून गंधारावर ओघळत येणं, म्हणजे मींड, ही भीमपलासाची ओळख. व्हॉल्वच्या वाद्यावर सूर टप्प्याटप्प्यानेच बदलतो. अर्धा व्हॉल्व दाबून ओघळ आणता येतो, आणि सुदैवाने इथे म मोकळा व ग एका बोटावर आहे, म्हणजे एकच व्हॉल्व हळू दाबायचा. पण चार ट्रम्पेटनी एकदम तसं केलं तर चौघांचा वेग चार तऱ्हांचा होतो आणि ऐकणाऱ्याला बेसूर वाटतं. म्हणून मींड फक्त पहिल्या ट्रम्पेटला आणि पहिल्या क्लॅरिनेटला. बाकीच्यांच्या कागदावर गंधाराआधी मध्यमाचा कण (निसटता स्पर्श), बारीक अक्षरात. तार सा वरून नी वर येतानाही तसाच कण. क्लॅरिनेटवर बोट भोकावरून सावकाश सरकवून खरी मींड निघते, म्हणून मंद जागा क्लॅरिनेटकडे दिल्या.

कोण काय वाजवतो

पहिली ट्रम्पेट जोडी आणि दुसरी ट्रम्पेट जोडी चाल आळीपाळीने घेतात. एक जोडी वाजवते तेव्हा दुसरी ध्रुवपदात पूर्ण गप्प, अंतऱ्यात फक्त पंचम धरून. कॉर्ड नाहीत. ज्यांना बँड म्हटलं की भरगच्च हार्मनी हवी असते त्यांना हे रिकामं वाटेल. आमच्या मते पालखीपुढे हेच भरलेलं वाटतं, कारण भरण गाणाऱ्यांची असते.

क्लॅरिनेट ध्रुवपदात ट्रम्पेटच्या एक सप्तक वर. ध्रुवपद मंद्र नी ते पंचम एवढंच फिरतं, त्यामुळे वरच्या सप्तकातही ते सुखाने बसतं. अंतरा तार गंधारापर्यंत जातो; तिथे सप्तक वर ठेवलं तर आवाज किंचाळतो, म्हणून अंतऱ्यात ट्रम्पेटच्याच सप्तकात उतरायचं. त्यात एक अडचण येते. पंचमावरून कोमल निषादावर जाताना क्लॅरिनेटचा सांधा ओलांडावा लागतो: ए जवळजवळ मोकळ्या बोटांचा आणि सी जवळजवळ सगळी भोकं झाकून. दोन्ही वादक इथे अडखळत होते. उपाय जुनाच आहे. ए वाजवत असतानाच उजव्या हाताची बोटं आधी झाकून ठेवायची. सूर फारसा बदलत नाही आणि पुढच्या सुराला फक्त डावा हात हलतो.

आल्टो सॅक्सोफोन अखंड चालीबरोबर, फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर धरून ठेवतो, म्हणजे ट्रम्पेटना श्वास घेता येतो.

पहिला युफोनियम चाल वाजवतो. त्याचा लेखी सूर ट्रम्पेटसारखाच, पण ऐकू येतो सप्तकभर खाली, नेमका पुरुषांच्या गळ्याच्या उंचीवर. उरलेले दोन युफोनियम आधारस्वर धरतात: एक षड्ज, एक पंचम, आणि चाल मध्यमावर थांबली की दुसरा मध्यम घेतो. या दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला तर पायाच निघून जातो, म्हणून एकाच्या कागदावर श्वासाची खूण चौथ्या मात्रेनंतर, दुसऱ्याच्या आठव्यानंतर.

सुसाफोन समेवर सा, पाचव्या मात्रेवर प, आणि ओळ वळताना सा कडे येणारा एक नी. एवढंच. बऱ्याच बँडमध्ये सुसाफोन शोभेला धरलेला असतो. इथे त्याला तीन सुरांचं काम दिलं आणि तो अख्ख्या मिरवणुकीचा कणा झाला.

तालवाद्यांना कमी करावं लागलं. ढोल समेवर, आणि पाचव्या मात्रेला हलका. साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्या, नाहीतर त्यांची घरघर पखवाजाचे बोल खाऊन टाकते. बँडची झांज गजर येईपर्यंत बंद. वीस टाळ असताना एकविसाव्याची गरज नाही.

तुकडे आणि दम

पालखी कुठे थांबेल सांगता येत नाही. कुणी ओवाळायला येतं, कुठे वाहतूक अडते. सुरुवात-मध्य-शेवट असलेलं स्वरलेखन इथे निरुपयोगी. म्हणून सगळं तुकड्यांत: ‘क’ ध्रुवपद, ‘ख’ अंतरा, ‘ग’ गजर, ‘घ’ फक्त तालवाद्यं. प्रत्येक तुकडा चार आवर्तनांचा, म्हणजे ३२ मात्रा. दर मिनिटाला ७६ मात्रांच्या चालीत एक तुकडा साधारण २५ सेकंदांचा होतो. एक तुकडा दिंडी गाते, एक पहिली जोडी वाजवते, पुन्हा दिंडी, मग दुसरी जोडी. ध्रुवपदात प्रत्येक ट्रम्पेटवाल्याला २५ सेकंद वाजवून ७५ सेकंद विश्रांती. हे गणित जमलं म्हणूनच सव्वा तास ओठ टिकले.

कागदावर प्रत्येक तुकडा तीन मात्रांच्या अपुऱ्या बारने सुरू होतो, मुखडा तिथेच. त्यानंतरच्या प्रत्येक समेवर जाड दुहेरी रेघ. चार मात्रांचा बार धरला असल्याने आवर्तन दोन बारचं. दुहेरी रेघ नसती तर ऐकून वाजवणारा आणि वाचून वाजवणारा पुन्हा वेगळ्या ठिकाणी ‘एक’ मोजू लागले असते. तुकडा बदलण्याची खूण बँडमास्तर देतात, तिसऱ्या आवर्तनात हात वर करून. शिट्टी ठेवली नाही. टाळांमध्ये ती विरते आणि वाहतूक पोलिसांच्या शिट्टीशी गोंधळ होतो.

तीन प्रकारचे कागद

चाली कागदावर उतरवण्याचा खटाटोप वडोदऱ्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू केली ती दरबारी संगीतकार मौलाबक्षांच्या हाताखाली, आणि मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार करून त्या लिपीत पुस्तकं काढली. पुढे १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, भातखंड्यांच्या पुढाकाराने. आजही इथे सरगम वाचणारा वादक सहज मिळतो, आणि त्याला स्टाफ नोटेशन शिकवत बसण्यापेक्षा त्याच्या लिपीत लिहून देणं शहाणपणाचं.

दोघांसाठी स्टाफ नोटेशन काढलं. पाच जणांसाठी भातखंडे पद्धतीची सरगम: कोमल सुराखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, एका मात्रेतल्या सुरांखाली कमान. पण इथेही एक खड्डा होता. या बँडमध्ये मोकळ्या बोटाच्या सुराला सा म्हणायची सवय. कागदावरचा सा रागाचा आणि वादकाचा सा वाद्याचा, दोन्हींत एका स्वराचा फरक. पहिल्या वाचनात दोघे काळी पाचमध्ये वाजवू लागले. मग प्रत्येक सुराखाली बोटांचे आकडे छापले: ०, १, २, १२, १३. मोकळ्या सुराला शून्य. वाद तिथेच मिटला, कारण बोटांबद्दल दुमत होऊच शकत नाही. बाकीच्यांना प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी वाजवून फोनवर पाठवली, आधी ६० च्या चालीत, मग ७६ च्या.

आषाढात पाऊस गृहीत धरावा लागतो. इंकजेटची शाई एका सरीत पसरते. लेझर छपाई टिकते. कागद ए-५ आकाराचा, आडवा, वाद्यावरच्या क्लिपमध्ये मावणारा. एका बाजूला सहाहून जास्त ओळी नाहीत आणि पान उलटायची वेळ कुठेही नाही. चालताना कुणाचा हात मोकळा नसतो. चकचकीत लॅमिनेशन रस्त्यावरच्या दिव्यांत चमकून अक्षरं पुसतं, म्हणून साधी प्लास्टिकची पिशवी, तोंड खाली.

चालत तालीम

बसून सुरेल वाजलेलं चालताना मोडतं, कारण पाऊल आणि फुंक एकमेकांशी भांडतात. म्हणून पहिली तालीम सुरांशिवाय: पखवाज, ढोल, आणि सगळे वादक तोंडाने मुखडा म्हणत मात्रेला एक पाऊल टाकत. दुसरी बसून, सुरांसकट. त्यानंतरच्या सगळ्या चालत, आणि दिंडीतले किमान पाच गाणारे बरोबर घेऊन.

रांगा लावताना दोन गोष्टी पाहिल्या. ट्रम्पेटचा भोंगा पुढे असतो. बँड दिंडीच्या पुढे चालला की सगळा आवाज गाणाऱ्यांपासून दूर जातो आणि मागे सा हरवतो. बँड मागे ठेवला तर गाणाऱ्यांच्या कानावर मारा होतो. उपाय: बँड पुढेच, पण युफोनियम शेवटच्या रांगेत. त्यांचा भोंगा वर असतो, आवाज चौफेर जातो, आणि आधारस्वर दिंडीपर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट अंतराची. तीस मीटरवर आवाज पोहोचायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो. ७६ च्या चालीत मात्रेचा नववा हिस्सा. पुढच्या ट्रम्पेटना आणि मागच्या टाळकऱ्यांना सम वेगवेगळ्या क्षणी ऐकू येते, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत लय उतरवत नेतात. ढोल आणि पखवाज शेजारी, बँड आणि दिंडीच्या सांध्यावर ठेवले. दोन्ही टोकांचं अंतर निम्मं झालं.

एकादशीच्या दिवशी

ध्रुवपद आणि अंतरा जसे बसवले तसे वाजले. सुरसागरच्या कडेला आळीपाळी इतकी जुळली की रस्त्यावरची माणसं दिंडीच्या तुकड्याला आपोआप गाऊ लागली; पांढरी एक बाकीच्यांनाही झेपत होती. लहरीपुरा दरवाज्याखाली कमानीचा घुमारा इतका होता की अंतरा ऐकू येईना. मास्तरांनी तिथे ‘घ’ लावला, तालवाद्यांवरच कमान पार केली. तुकडे सुटे नसते तर हे जमलं नसतं.

दोन गोष्टी बिघडल्या. ओढून ठेवलेल्या तिसऱ्या स्लाइडी, सोडवताना लावलेल्या पातळ व्हॅसलीनमुळे, चालण्याच्या धक्क्यांनी हळूहळू आत सरकल्या. न्यायमंदिरापाशी दोन ट्रम्पेटचा सा पुन्हा चढला होता. शेवटी केसांचे रबर मागून घेऊन स्लाइड आणि वाद्याची नळी यांच्यात अडकवले. दाट स्लाइड ग्रीस वापरलं असतं तर ही वेळ आली नसती.

दुसरं, गजर. ७६ वरून ११२ पर्यंत लय वाढवायची असं ठरलं होतं. मांडवी दिसू लागताच दिंडीने १३० च्या पुढे नेली. क्लॅरिनेटची बोटं सांध्यावर अडली आणि ते बाहेर पडले. ट्रम्पेट टिकले, पण एकाने जुन्या सवयीने वरातीतला शेवट जोडला, शुद्ध निषादावरून षड्जावर. गजरात दिंडीला आवरणं शक्य नाही, आणि आवरूही नये. बदल कागदातच व्हायला हवा.

कार्तिकीसाठी तो केला आहे. ‘ग’ मध्ये ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटची पूर्ण चाल काढून दर समेला दोनच सूर ठेवले, नी आणि सा. ते १५० च्या लयीतही वाजतात. चाल फक्त सॅक्सोफोन आणि पहिल्या युफोनियमकडे. सगळ्यांच्या कागदावर शेवटचं आवर्तन बोटांच्या आकड्यांसह सविस्तर छापलं आहे, शेवटच्या नी खाली ठळक शून्य आणि सा खाली ठळक १३. जाम राहिलेलं युफोनियम दुरुस्तीला दिलं आहे. तिसरी स्लाइड निघाली तर त्याचा कागद बदलायचा नाही, फक्त पहिल्या ओळीतला पंचम षड्जाने बदलायचा.